सरासरी आणि जाणकाराची नजर

खेळाडूची गुणवत्ता आकड्यांनी ठरवावी की जाणकाराच्या नजरेने, हा वाद आता सर्वत्र परिचित झाला आहे. मायकेल लुईस यांच्या 'मनीबॉल' (२००३) या ग्रंथाने बेसबॉलमधील संख्याशास्त्रीय निवडीची कथा लोकप्रिय केली. पुढे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही तोच विचार रुजला. तीन गुणांच्या शंभर फेकींपैकी छत्तीस साधल्या तर १०८ गुण मिळतात. दोन गुणांच्या शंभरांपैकी पन्नास साधल्या तरी १००च मिळतात. हे गणित निर्विवाद होय. तथापि २०१८ साली, याच गणितावर उभ्या असलेल्या ह्यूस्टनच्या संघाच्या तीन गुणांच्या सलग २७ फेकी निर्णायक सामन्यात वाया गेल्या. त्यावरून गणित चुकले असे म्हणता येणार नाही; त्या एका रात्रीविषयी ते काही सांगतच नव्हते. आकडा खरा की खोटा, यापेक्षा तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे पाहणे अधिक अगत्याचे असते.

या दृष्टीने विदर्भाच्या क्रिकेटमधील एक उदाहरण तपासण्यासारखे आहे. कर्नाटकाच्या संघातून वगळला गेलेला करुण नायर २०२३-२४ च्या हंगामात विदर्भाकडे आला. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत त्याने आठ डावांत ७७९ धावा केल्या आणि त्याची सरासरी ३८९.५० अशी नोंदली गेली. त्याच हंगामात त्याने रणजी स्पर्धेत ८६३ धावा काढल्या. नागपुरातील जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८६ व १३५ धावा करून विदर्भाच्या तिसऱ्या विजेतेपदाला मोठा हातभार लावला.

३८९.५० हा आकडा थक्क करणारा खरा. परंतु तो आला कोठून? आठ डावांपैकी सहांत तो नाबाद राहिला, म्हणून भागाकार दोनानेच झाला. दर डावामागे धावा काढल्या तर त्या ९७ च्या आसपास भरतात. 'सरासरी' हा फारसीतून मराठीत आलेला शब्द असून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, असा अर्थ त्याच्या मुळाशी आहे. क्रिकेटची सरासरी मात्र डाव मोजत नाही, बाद होणे मोजते. शब्द व्यापकतेचे आश्वासन देतो. व्याख्या ते पाळत नाही.

मग जाणकारांची बाजू खरी ठरली काय? मर्यादित षटकांच्या देशी स्पर्धेतील धावा कसोटीची कसोटी नव्हेत, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. २०२५ साली आठ वर्षांनी नायर कसोटी संघात परतला. इंग्लंडमध्ये चार सामन्यांतील आठ डावांत त्याला २०५ धावाच करता आल्या आणि पुढील मालिकेत तो वगळला गेला. पण येथेच तर्काची विसंगती उघड होते. आठ डाव थोरवी सिद्ध करण्यास अपुरे असतील, तर तेच आठ डाव अपात्रता सिद्ध करण्यास पुरेसे कसे? २०१६-१७ च्या हंगामातील त्याच्या कसोटी धावा ३७४. त्यांपैकी ३०३ एकाच डावात, उरलेल्या सहा डावांत ७१. या आकड्यांतून ज्याला जे हवे ते वाचता येते.

भाषेच्या अभ्यासकाला हा पेच नवा नाही. शब्दांची वारंवारता मोजता येते. वाक्य मराठीत बसते की नाही, हे मात्र मराठी भाषकाचा कान सांगतो. तरीही तो कान प्रमाण मानताना त्याचा निर्णय नोंदवावा लागतो आणि इतरांच्या निर्णयांशी ताडून पाहावा लागतो. खेळातील जाणकाराचे मत बहुधा नोंदले जात नाही. साधलेले अंदाज स्मरणात राहतात, फसलेले विरून जातात. आकड्याचा दोष उघडा असतो, म्हणून तो दाखविता येतो; नजरेचा दोष झाकलेला राहतो.

शिवाय, निवड केवळ गुणवत्तेवर ठरते असेही नाही. मुंबईचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले. त्यांच्याविषयी आकडे आणि जाणकार यांचे एकमत होते. तरीही ते एकही कसोटी खेळले नाहीत, कारण डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची जागा बिशनसिंग बेदी यांनी व्यापली होती. जागा एकच असली की दोन्ही पक्षांचा निवाडा सारखाच निरुपयोगी होतो.

तात्पर्य, जाणकाराने आपले मत आधी लिहून ठेवावे आणि आकडेवाल्याने आपला भाजक सांगावा. त्याखेरीज हा वाद पुढे सरकणार नाही. यात पणाला लागते ते पंडितांचे मत नव्हे. हुडकेश्वरसारख्या वस्तीतून पुढे येऊ पाहणाऱ्या मुलाचा खेळ पाहण्यास निवडकर्ता पोहोचेलच असे नाही. त्याच्या वतीने बोलतो तो धावफलकच. तो धावफलक नीट वाचला जावा, एवढा तरी त्याचा हक्क मान्य व्हावयास हवा.