उसन्या खोलीतलं प्रेम

जानेवारी २०२४मध्ये शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन पिंपरी-चिंचवडला झालं. अध्यक्ष होते डॉ. जब्बार पटेल. महिलाश्रमातल्या, एकमेकींवर जीव असलेल्या दोन बायकांना मराठी पडद्यावर आणणारा ‘उंबरठा’ त्यांचाच, १९८२चा. त्याच्या आदल्याच वर्षी विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं होतं. म्हणजे बाईवर प्रेम करणारी बाई मराठी नाटक-सिनेमात येऊन चाळीस वर्षं उलटली. एवढ्या काळात तिच्या वाट्याला काय आलं, याचा हिशेब मांडायला बसलं तर तो फार लांबत नाही. पहिली तक्रार हीच.

‘मित्राची गोष्ट’चं ऋण मोठं आहे. विनय आपटे यांनी दिग्दर्शन केलं आणि रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा, म्हणजे मित्रा, उभी केली. १९८१ साली हे नाटक करायला छाती लागत होती. पण आज ते पुन्हा वाचताना धाडसापेक्षा त्याची रचना जास्त बोलते. गोष्ट मित्राची असली तरी ती सांगतो तिचा मित्र बापू. मित्राला तिच्या आवडत्या नमाला एकांतात भेटायचं असतं, तेव्हा जागा मिळते ती बापूची खोली. मित्राकडे स्वतःची खोली नाही आणि स्वतःची गोष्ट सांगायला स्वतःचा आवाजही नाही, दोन्ही उसनवारीवर. बापूचा धीर सुटला की दोन्ही जातात आणि मित्रा जीव देते. तेंडुलकरांनी समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, हे खरं. पण ज्या प्रेमासाठी ती मेली ते प्रेम कसं होतं, त्यात हसणं, रुसणं, कंटाळा किती होता, हे प्रेक्षकाला फारसं कळत नाही. कळते ती बापूची तगमग.

‘उंबरठा’त खोली संस्थेची आहे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा हा चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते. स्त्रीने नवरा-मूल मागे ठेवून काम निवडणं हा त्या काळात केवढा तरी मोठा प्रश्न होता आणि चित्रपट तो निर्भीडपणे विचारतो. आश्रमातल्या त्या दोघींपाशी आल्यावर मात्र त्याची धार बोथट होते. त्यांच्याविषयी त्याला कणव आहे, पण ती रुग्णाविषयी वाटावी तशी. स्त्रीमुक्तीच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्या सिनेमानेही या दोघींना उंबरठ्याच्या आतच ठेवलं.

यानंतर वाट पुढे जायला हवी होती. ती मागे वळली. ‘बायोस्कोप’ या चार लघुपटांच्या मालिकेत रवी जाधव यांनी ‘मित्रा’ केला. वीणा जामकर आणि मृण्मयी देशपांडे यांचा हा कृष्णधवल लघुपट देखणा आहे, संयत आहे, राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी आहे. मूळ कथा मात्र पुन्हा तेंडुलकरांचीच आणि काळ १९४७च्या आसपासचा. एकविसाव्या शतकातल्या दिग्दर्शकालाही या प्रेमासाठी आजीच्या पिढीपर्यंत मागे जावं लागतं, याचा अर्थ मधल्या काळात नव्या गोष्टी फारशा लिहिल्याच गेल्या नव्हत्या.

पुरुषांच्या बाबतीत असं झालं नाही. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’, सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’, चेतन दातार यांचं ‘एक माधवबाग’ आणि आता रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. २०२५मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात या चित्रपटाने जागतिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार पटकावला. गावाकडच्या दहा दिवसांच्या सुतकात दोन पुरुषांचं प्रेम उमलतं आणि त्यासाठी कुणाला जीव द्यावा लागत नाही. मराठी कलेची या विषयातली मजल इथवर आली आहे. बायकांची गोष्ट मागे का राहिली?

कारणं बरीचशी साहित्याबाहेरची आहेत. एड्स नियंत्रणाच्या कामामुळे समलिंगी पुरुषांसाठी संस्था, निधी आणि समुपदेशनाची टेबलं उभी राहिली. खिऱ्यांनी २००२मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला आणि त्यांचं लेखन या कामाच्या सोबतीने झालं. स्त्रियांच्या गटांना असा पैसा मिळाला नाही. मुंबईत १९९५मध्ये सुरू झालेला ‘स्त्री संगम’, म्हणजे पुढचा ‘लेबिया’, स्वतःच्या बळावर चालला. आणि ‘फेसिंग द मिरर’ हा भारतीय लेस्बियन लेखनाचा महत्त्वाचा संग्रह १९९९मध्ये इंग्रजीत निघाला. त्याआधीच्या डिसेंबरात ‘फायर’ या दोन बायकांच्या प्रेमावरच्या चित्रपटावरून गोरेगावच्या चित्रपटगृहात शिवसैनिकांनी तोडफोड केली होती आणि राज्यात सरकार शिवसेना-भाजप युतीचं होतं. व्यावसायिक निर्मात्याला यातून काय कळायचं ते कळलं. स्त्रीवादी मराठी लेखनानेही विवाहसंस्थेची चिरफाड केली, पण तिच्याबाहेर दोन बायका काय उभारू शकतात याकडे क्वचितच पाहिलं.

इतर आशियाई भाषांत वेगळं घडलं. जपानच्या योशिया नोबुको विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मुलींच्या परस्परप्रेमाच्या गोष्टी लिहीत होत्या, त्या गोष्टींना अफाट वाचक होता आणि त्या स्वतः आयुष्यभर जोडीदारणीसोबत राहिल्या. तैवानच्या चिउ म्याओजिनची ‘मगरीच्या नोंदी’ १९९४ची. तिथे समलिंगी विवाहाचा कायदा आला २०१९मध्ये. थायलंडने २०२५मध्ये हा हक्क दिला, पण त्याआधीच ‘गॅप’सारख्या मालिकेत कंपनीत नव्याने लागलेली मुलगी आणि तिची बॉस यांचं प्रेम घरोघरी पाहिलं गेलं होतं. ही मालिका साखरेच्या पाकात घोळलेली आहे, पण प्रेमाला तिने नोकरीच्या जागी आणून बसवलं. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल २०१८मध्ये लागला; विवाहाचा हक्क २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. २०२२च्या सुरुवातीला नागपुरात दोन डॉक्टर तरुणींनी घरच्यांच्या साक्षीने केलेल्या अंगठी-समारंभाची बातमी गाजली. कायदा चालतो आहे, माणसं चालताहेत, मराठी नाटक मात्र अजून बापूच्या खोलीतच बसून आहे.

आणि गंमत म्हणजे त्याला हवी ती सगळी सामग्री संमेलनाच्या गावात आणि त्याला लागूनच आहे. टाटा मोटर्सने पिंपरीच्या कारखान्यात हॅरिअर-सफारीच्या जुळणीची लाइन बायकांच्या हाती दिली. चाकण, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या पट्ट्यात मराठवाडा-विदर्भातून आलेल्या मुली दोघी-तिघींत एक खोली घेऊन राहतात. डिपॉझिट वाटून, मेसचा डबा वाटून, फर्स्ट शिफ्टच्या बसला एकमेकींना उठवून. खोलीमालकाची अट एकच असते: मुलं आणायची नाहीत. दोन मुली एका खोलीत राहिल्या तर त्याला हायसंच वाटतं. रूम पार्टनर या शब्दात किती काय मावतं हे त्याच्या गावीही नसतं. मित्राला जी खोली मागून घ्यावी लागली, ती इथे पगारातून भाड्याने मिळते.

पण तीही पक्की नाही. ठेकेदाराचं कंत्राट संपलं की एकीला ब्रेक मिळतो आणि भाडं दुसरीवर येतं. गावाकडून फोन येतो, स्थळ आलंय, रविवारी निघून ये. सुट्टीच्या दिवशी वडील न सांगता दारात उभे राहतात. एकीच्या शिफ्टचा रात्रपाळीत बदल होतो आणि एकाच गादीवर झोपणाऱ्या दोघी आठवडाभर फक्त दारात भेटतात. यातल्या प्रत्येक गोष्टीत एक अंक आहे आणि त्यासाठी खलनायक लागत नाही. एचआरचं पत्र पुरतं. या दोघी म्हणजे मित्रासारख्या शहरी, शिकलेल्या, बंडखोर नायिका नव्हेत. त्या घरी पैसे पाठवतात, भावाची फी भरतात आणि त्या पैशामुळेच लग्नाची बोलणी दोन-तीन वर्षं लांबवू शकतात. घराला त्यांच्या पगाराची गरज आहे तोवर त्यांचं प्रेम टिकतं, हा पेच मराठी नाटकात अजून आलेला माझ्या पाहण्यात नाही.

शहरात जागांची वानवा नाही. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचं अत्रे रंगमंदिर, भोसरीचं लांडगे नाट्यगृह, निगडीचं गदिमांच्या नावाचं नाट्यगृह. एकांकिका स्पर्धा तर पुणे परिसरात बारमाही आहेत. वानवा आहे ती ऐकणाऱ्या लेखकाची. आणि त्याहून अधिक, स्वतः लिहिणारीची.

समीक्षकांनीही आपलं काम नीट केलेलं नाही. असं नाटक आलं की ‘धाडसी विषय’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो. धाडसाला गुण दिले की कारागिरीची तपासणी टळते: संवाद कुणाचा, नजर कुणाची, शेवट कुणाच्या सोयीचा. पुढच्या नाटकातल्या नायिकेने मरू नये, एवढी अट घालून भागणार नाही. आनंदी शेवटही तितकाच फुकाचा असू शकतो. पगार किती, भाडं कोण भरतं, आजारपणात दवाखान्यात सोबत कोण थांबतं आणि तिथल्या कागदावर नातं काय लिहितं, याची उत्तरं देता येतील इतपत लेखकाला त्या दोघी माहीत असाव्यात. तेंडुलकरांनी १९८१ साली प्रश्न विचारून ठेवला. त्याच प्रश्नाची पुनरावृत्ती करणाऱ्याला यापुढे कौतुकाची थाप देऊ नये.