'द्वेष' या एका शब्दाची अडचण

पालि ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे आणि त्यांवरून सिद्ध झालेल्या मराठी पुस्तिका शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. इंग्रजीत 'हेट्रेड', 'इल-विल', 'एन्मिटी', 'मॅलिस', 'ग्रज', 'रिझेन्टमेन्ट' असे निरनिराळे शब्द योजलेले असतात. मराठीत त्या सर्वांच्या जागी बहुधा एकटा 'द्वेष' उभा असतो. हा केवळ शब्दसंपत्तीचा प्रश्न असता तर आम्ही त्यासाठी लेखणी उचलली नसती. परंतु जातिव्यवस्थेविरुद्ध बोलणाऱ्यास 'तुमच्या धम्मात तर द्वेष वर्ज्य आहे' असे ऐकविले जाते, तेव्हा वर्ज्य नेमके काय आहे हे तपासणे अगत्याचे ठरते.

'एन्मिटी' हा दोन पक्षांमधील संबंध होय. 'हेट्रेड' ही मनाची अवस्था होय. आणि 'इल-विल' ही इच्छा होय, दुसऱ्याचे वाईट व्हावे ही. त्या इच्छेस हेतुपुरस्सर कृतीची जोड मिळू लागली की 'मॅलिस'. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या एका उपकलमात पहिले तिन्ही शब्द ओळीने आले आहेत. कायदेपंडितांना पर्यायी शब्दांची रास रचण्याची हौस असते, हे मान्य करूनही तेथे प्रत्येक शब्द आपापले काम करतो असे आमचे मत आहे.

पालित या तिहींशी अनुक्रमे वेर, दोस आणि ब्यापाद हे शब्द जुळतात. पैकी 'दोस' फसवा आहे. संस्कृतातील 'द्वेष' आणि 'दोष' हे दोन्ही पालित येताना एकरूप झाले. ('राग' तर त्याहून फसवा, पालित तो आसक्ती आणि मराठीत संताप.) 'ब्यापाद' याचा नातलग संस्कृत 'व्यापादन', म्हणजे ठार करणे. मज्झिमनिकायातील सालेय्यक सुत्तात ब्यापन्न चित्ताचे जे लक्षण दिले आहे ते नेमके हेच: या प्राण्यांचा नाश व्हावा, हे उरू नयेत, अशी कामना. वत्थूपम सुत्तातील सोळा उपक्लेशांत ब्यापाद, कोध आणि उपनाह यांची गणना वेगवेगळी केली आहे. तेव्हा तिहींचे भाषांतर 'द्वेष' करणे म्हणजे सुत्तकाराने काढलेल्या रेषा पुसणे होय.

धम्मपदाच्या यमकवग्गाचेच उदाहरण घ्यावे. मॅक्सम्युलर यांच्या १८८१ च्या भाषांतरात पाचव्या गाथेतील 'वेर' हा 'हेट्रेड' झाला आणि 'अवेर' चक्क 'लव्ह' झाला. वैर नसणे आणि प्रेम असणे यांत मोठे अंतर आहे. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याच्याकडून गाथा पहिली गोष्ट मागते, दुसरी नव्हे. त्याआधीच्या दोन गाथांत 'उपनय्हन्ति' हे क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ बांधून ठेवणे, त्यापासूनच उपनाह. आपल्या खेड्यापाड्यांतला 'डूख धरणे' हा प्रयोग त्याला जितका चपखल बसतो तितका इंग्रजी 'ग्रज' देखील बसत नाही. पण पुस्तिकाकारांना 'डूख' ग्राम्य वाटतो, आणि 'द्वेष' सुसंस्कृत!

'रिझेन्टमेन्ट'चे प्रकरण सर्वांत नाजूक आहे. बिशप बटलर यांनी १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत या भावाचे योग्य लक्ष्य अन्याय हेच असल्याचे प्रतिपादिले आणि 'मॅलिस'पासून तो वेगळा काढला. पालित त्याच्या निकटचा शब्द 'आघात'. भिक्खू बोधी यांनी अंगुत्तरनिकायाच्या २०१२ च्या भाषांतरात त्यासाठी 'रिझेन्टमेन्ट' हाच शब्द घेतला आहे. मराठी वाचक येथे 'तडाखा' समजेल, म्हणून टीप हवीच. आघाताची नऊ कारणे अंगुत्तरात सांगितली आहेत: याने माझे अहित केले, करतो, करील, माझ्या प्रियजनांचे केले, इत्यादी. आघात दूर करावा असे बुद्धवचन आहेच, आणि कोधालाही तेथे मोकळीक नाही. परंतु अहित घडलेच नाही असे समजा, असे ते म्हणत नाही. हा भेद आमच्या टीकाकारांना सोयीचा नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास मनुस्मृती जाळण्यात आली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. जाळला तो ग्रंथ. त्या कृतीस ब्यापादाचे लक्षण लावून पाहावे. ते लागत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या मूळ इंग्रजी ग्रंथाच्या चौथ्या खंडात 'हर्ट' व 'इल-विल' यांचे एक प्रकरण, आणि 'अँगर' व 'एन्मिटी' यांचे दुसरे, असे स्वतंत्र विभाग केले आहेत. त्याच खंडात शब्दसाम्याने मूलभूत भेद कसे झाकले जातात यावर एक संपूर्ण भागही आहे. मराठीत ही विभागणी राखावयाची तर ब्यापादास 'अनिष्टचिंतन', वेरास 'वैर', उपनाहास 'डूख' किंवा 'आकस' आणि कोधास 'क्रोध' असे योजावे, व 'द्वेष' एकट्या दोसासाठी ठेवावा, असे आम्ही सुचवितो. पटिघाचे मात्र अवघड आहे. संयोजनांच्या यादीत तो ब्यापादाच्या जागी येतो, तर अरूप समापत्तीच्या वर्णनात त्याचा अर्थ निव्वळ इंद्रिय-विषयांची टक्कर एवढाच होतो. 'चीड' पहिल्या ठिकाणी कशीबशी चालेल, दुसऱ्या ठिकाणी मुळीच नाही. तेथे तूर्त मूळ शब्दच ठेवून खाली टीप द्यावी.