आशा सांगायची कशी? ‘क्रिस्तपुराण’ वाचताना

आज जरा विषयाबाहेरचं पुस्तक घेतोय. मी पाण्याच्या रसायनशास्त्रात पीएच.डी. करतोय, साहित्याचा अभ्यासक नाही. पण गेल्या वर्षी विदर्भातल्या एका गावात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडबद्दल बोलायला गेलो होतो. आलेख दाखवले, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. शेवटी एका आजींनी विचारलं, “मंग आता पानी कोनतं प्याव, बापा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. भीती सांगून झाली होती, आशा सांगायची राहिली होती. तेव्हापासून ‘संदेश पोचवणं’ म्हणजे काय, हे शोधतोय आणि त्यातच फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ हाती आलं.

थोडी पार्श्वभूमी. स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं पुराण १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन, ओव्या जवळजवळ अकरा हजार. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूची. येणं आणि छापणं यांत ३७ वर्षं गेली. सहा महिन्यांत पेपर काढायची घाई असलेल्या आपल्यासारख्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपला संदेश इतरांना सांगा, ही आज्ञा ख्रिस्ती धर्मात आहेच. पण ती कशी पाळायची, याबद्दल पेत्राच्या पहिल्या पत्रात एक सूचना आहे. तिचा अर्थ असा: तुमच्या आशेचं कारण जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यपणे, आदराने द्या. यातून तीन कसोट्या निघतात: कोणी विचारलंय का, कारण नीट दिलंय का, आणि आदर राखलाय का. आपण त्याच लावून बघू.

दुसरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे पुस्तक भक्कम आहे. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीची सवय असलेल्या कानांना स्टीफन्सने ओवीच दिली. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं. यात धोका होता. वैकुंठ म्हटलं की विष्णू आठवणारच. आपण ‘सिद्धांत’ म्हणतो आणि ऐकणारा ‘नुसता अंदाज’ समजतो, तसंच हे. पण परका शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यावर आदळण्यापेक्षा ओळखीचा शब्द घ्यायचा आणि पुढच्या शेकडो ओव्यांत त्याला नवा अर्थ द्यायचा, हा मार्ग त्याने निवडला. मला तो पटतो.

पहिली कसोटी अवघड आहे. पुस्तकात एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीकडे पुराणाची मागणी करतो, म्हणजे कोणीतरी विचारलंय. पण त्याला पुराण का हवं होतं? कारण जुनी पुराणं उरली नव्हती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं, साष्टीतली देवळं पाडली गेली होती, जुने ग्रंथ बाळगायची सोय नव्हती. तहान खरी होती, पण विहीर सत्तेनेच बुजवली होती. हा संदर्भ सोडून ‘क्रिस्तपुराणा’चं नुसतं भाषिक कौतुक करणारे लेख मला अर्धवट वाटतात. आपल्या भाषेत सांगायचं, तर ते नियंत्रण गट न ठेवता निष्कर्ष काढण्यासारखं आहे.

तिसरी कसोटी आदराची. इथे निकाल संमिश्र आहे. पुस्तकातले श्रोते शंका काढतात आणि पाद्री-गुरू उत्तर देतो. हा संवादी बाज मला फार आवडला. भाषेबद्दल तर स्टीफन्सला मनापासून प्रेम आहे. मराठीची त्याने केलेली स्तुती प्रसिद्धच आहे. पण त्याच श्रोत्यांच्या जुन्या देवांना तो खोटं ठरवतो. श्रोत्याला शंका विचारता येते, ‘मला हे नको’ म्हणून उठून जाता येत नाही.

मग पुस्तक वाचायचं की नाही? जरूर वाचा. त्यातली आशा खोटी आहे असं मी म्हणत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती माणसांनी ती पिढ्यानपिढ्या गायली, आपली मानली. माझा मुद्दा इतकाच आहे की सांगणाऱ्याची कळकळ आणि ऐकणाऱ्याचं स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येत नाही. क्षेत्रकामात संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेताना हे आठवा. समोरचा खरंच नाही म्हणू शकतो का?

पुढच्या महिन्यात मी त्याच गावात परत जातोय. तिथल्या विहिरींचे नमुने तपासून झालेत. या वेळी आलेख बॅगेतच राहतील. कोणत्या विहिरीचं पाणी त्यातल्या त्यात बरं, ते आधी आजींना सांगणार, आणि मग त्या काय म्हणतात ते ऐकणार.