अकरा वस्तूंचा माणूस

विजेची जोडणी, छताचा पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, कपडे धुण्याचं मशीन, कॉम्प्युटर, मोटारगाडी, एसी आणि शेतजमीन. मोजा. अकरा भरतात. साथींनो, २०११ पासून बाजाराच्या वहीत आपली किंमत या अकरा वस्तूंवरून ठरत आलीय. घरात यातल्या किती आहेत आणि घरचा मुख्य कमावता किती शिकला, एवढे दोनच प्रश्न. उत्तरं तक्त्यात घातली की घराला अक्षर मिळतं. सगळ्यांत वर ए१, तळाला ई३, मध्ये दहा पायऱ्या.

हा तक्ता सरकारचा नाही. जाहिरातवाले, पेपरवाले, टीव्हीवाले आणि त्यांच्यासाठी दारोदार फिरून माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांचा आहे. इंग्लंडात ए, बी, सी, डी, ई ही अक्षरं आधीपासून होती. आपल्याकडचा पहिला तक्ता १९८८ चा, मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडियानं मान्य केलेला. शहरात कमावत्याचा धंदा आणि शिक्षण बघायचं, खेड्यात शिक्षण आणि घर. घर पक्कं, अर्धं पक्कं की कच्चं. मिळकत विचारायची नाही, कारण मिळकत कुणी खरी सांगत नाही. ही हुशारी मानली पाहिजे.

आता आपल्यातले काहीजण लगेच म्हणतील, हे तर नवं चातुर्वर्ण्य! टाळ्या मिळतील, पण असं म्हणणं आळशीपणाचं आहे. चातुर्वर्ण्यात पायरी बदलत नाही. इथं फ्रीज आणला की बदलते. बौद्धवाडीतला हायस्कूल मास्तर आणि बाजारपेठेतला किराणा दुकानदार या तक्त्यात एकाच अक्षराखाली बसू शकतात. साबण विकणारा दोघांकडेही सारखाच हसत येईल. मास्तरानं कुडाळात भाड्याची खोली मागितली की मात्र आडनाव विचारतील. ते अक्षर या तक्त्यात नाही. म्हणजे तक्ता जातीयवादी आहे अशी आपली तक्रारच नाही. तक्रार अशी की जातीनं जे घडवून ठेवलं ते तो तयार माल म्हणून उचलतो आणि कुणी घडवलं ते पुसून टाकतो.

उदाहरण आपल्याच घरातलं. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातूनही, आपले आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत गेले. तिथं जास्त मजुरी साचेखात्यात. पण साच्यावर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आपल्या माणसांना साचेखातं बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला, लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. तक्त्यातले ‘कुशल कामगार’ आणि ‘अकुशल कामगार’ हे दोन रकाने आता पुन्हा वाचा. कुशल कोण झाला? ज्याला साच्यापाशी उभं राहू दिलं तो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाकरमानी गावी परतला किंवा मुंबईतच हातगाडी ओढू लागला, आणि अख्खं घर एका झटक्यात पायऱ्या उतरलं. तक्त्यानं ते नेमकं टिपलं असतं. कारण मात्र टिपलं नसतं.

२०११ साली धंद्याचा रकानाच काढून टाकला आणि त्या जागी वस्तू आल्या. शहर-खेडं दोन्हीकडे एकच माप. बरं, मग मालवणच्या किनाऱ्यावर ते लावून बघू. होडी यादीत नाही. जाळं नाही. रापणीतला वाटा नाही. ज्याच्यावर घर चालतं ते काहीच मोजायचं नाही, पंखा मोजायचा. शेतजमीन आहे, पण आहे की नाही एवढंच. देवगडात हापूसच्या कलमांची मोठी बाग असलेला आणि डोंगरउतारावरची वरकस जमीन असलेला, दोघांनाही एकेकच खूण. आपली महार वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. खोती मोडायचं बिल बाबासाहेबांनी १९३७ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात आणलं होतं, कायदा झाला स्वातंत्र्यानंतर. त्या सगळ्यातून ज्याच्या नावावर चार गुंठे उरले, तेही सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सामायिक नावांत, त्यानं ‘शेतजमीन आहे’ म्हणायचं की नाही?

गॅसच्या शेगडीचंही तेच. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत शेगडी घरात आली, यादीत एक वस्तू वाढली. सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून भात चुलीवरच शिजतो, हे कुठं लिहायचं? ‘फ्रीज आसा, पण लाइट खंय रवता?’ असं एखाद्या आजीनं विचारलं तर फॉर्म भरणाऱ्या पोराकडं त्याला चौकट नाही.

आता खरी गंमत ऐका. त्याच २०११ साली सरकारनं सामाजिक, आर्थिक आणि जात गणना सुरू केली. खेड्यात गरीब कोण ते ठरवायला. तिथंही फ्रीज होता, दुचाकी होती. पण उलट्या बाजूनं! फ्रीज असला तर गरिबांच्या यादीतून आपोआप बाहेर. दुचाकी असली तर बाहेर. इंजिन लावलेली मासेमारीची होडी असली तरी बाहेर. अनुसूचित जातीचं घर असणं हे वंचित असण्याचं एक लक्षण धरलं होतं, पण त्याआधी ही चाळणी. म्हणजे जुना फ्रीज घेतलेल्या आपल्या माणसाला बाजार म्हणाला, ये, वर ये. सरकार म्हणालं, मग तू गरीब नाहीस. आणि होडीवाल्याला बाजारानं पाहिलंच नाही, सरकारनं पाहिलं ते नाव कापण्यापुरतं. या गणनेचे आर्थिक आकडे २०१५ मध्ये बाहेर आले. जातीचे आकडे दाबूनच ठेवले.

बायांचा विचार तर दोन्हीकडं उथळ. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागं १०३६ बाया. कारण सांगायला नको, पुरुष मुंबईत. मग ‘मुख्य कमावता’ कोण? परळच्या खोलीतून पैसे धाडणारा, की लावणी, शेण, सासूचं औषध आणि पोरांची शाळा सांभाळणारी? तिचं शिक्षण तक्त्याच्या हिशेबातच नव्हतं. अलीकडं त्याच सोसायटीनं आयसेक नावाचा नवा तक्ता पुढं आणलाय. त्यात वस्तू काढल्या, धंदा परत आणला आणि घरातल्या सगळ्यांत शिकलेल्या बाईचं शिक्षण वेगळं धरलं. हे बरं केलं. पण विकत कोण घेणार हे कळावं म्हणून केलं, हेही ध्यानात असू द्या.

कुणी म्हणेल, व्यापाऱ्यांच्या वहीचं आपल्याला काय? आहे. जाहिरात कुठं द्यायची ते हीच अक्षरं ठरवतात. जाहिरातदार ‘ए-बी’ वाचक मागतो, ‘ए-बी’ प्रेक्षक मागतो. पेपर वाचकाच्या चार-सहा रुपयांवर चालत नाही, जाहिरातीवर चालतो. मग पेपर कुणासाठी लिहिणार? समाजमंदिरात एक अंक दहाजण वाचतात. पाहणीवाला ते दहाही मोजेल, पण डी आणि ई म्हणून मोजेल, आणि दहा ई मिळून एका ए एवढा भाव येत नाही. वाडीची विहीर आटली, वाट अडवली, तर ती बातमी तालुक्याच्या पानावर तळाला चार ओळी. नव्या मोटारीची पुरवणी चार पानं. यात संपादकाचा दुष्टावा असेलच असं नाही, हिशेबच तसा मांडलेला आहे.

आपल्याला हे नवीन नाही. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊन छापायलासुद्धा ‘केसरी’नं नकार दिला. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले म्हणून तो पेपर उभा राहिला. त्या वेळी जाहिरात नाकारली जात बघून. आज जात न बघताच नाकारता येते, तक्ता दाखवून. आमच्याकडं तुमच्या वाचकांचा आकडाच नाही साहेब, म्हणतात. नम्रपणे म्हणतात.

१९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनंही माणसांची एक विभागणी केली होती. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया यांना दलित या एका शब्दाखाली आणलं. तीसुद्धा ढोबळच होती, आणि तिच्यावरून आपल्यातच किती भांडणं झाली ते जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. पण ती कुणाला काय विकावं यासाठी नव्हती.

येत्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजायचं केंद्र सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलं. त्या आकड्यांची वाट बघत बसण्यापेक्षा मालवण, कणकवली, वेंगुर्ल्याच्या पोरांनी आपापल्या वाडीची वही आत्ताच करावी. दोनशे पानी वही पुरे. त्यात पंखे मोजू नका. सातबारा कुणाच्या नावावर आहे आणि त्यावर किती नावं आहेत. विहीर कुणाच्या जागेत आहे. वाडीत यायची वाट कागदावर आहे की मेहेरबानीवर. मुंबईहून किती घरांत पैसे येतात, किती घरांत यायचे थांबले आणि कोणत्या साली. दहावीनंतर कितीजणी पुढं शिकल्या. सिलिंडर वर्षात किती वेळा भरला. नावं आतल्या पानांवर ठेवा, बाहेर आकडेच द्या. एका वाडीला दोन रविवार लागतील, पावसाआधी केलं तर.