साष्टीच्या ख्रिस्ती समाजाचीं उपेक्षित साधनें

डॉ. जर्सन दा कुन्हा यांचा चौल-वसईवरील इंग्रजी ग्रंथ (१८७६) शिलालेखांसाठीं अद्यापि उपयुक्त आहे. परंतु त्यांतील इतिहास किल्ल्यांचा, मठांचा व फिरंगी अंमलदारांचा. गांवकरी ख्रिस्ती त्यांत क्वचितच भेटतो. हीच दृष्टि शेजारच्या साष्टीस लावणें आम्हांस मान्य नाहीं. अंधेरीनजीक मरोळचें १५७९ चें सेंट जॉन बाप्तिस्ताचें देऊळ साथीमुळें १८४० त ओस पडलें. छप्पर गेलें, समाज मात्र टिकला. वर्षांतून एकदां तो त्या भिंतींत उपासनेस जमतो! हें सातत्य दगड सांगत नाहींत. कोंफ्रारिया, म्हणजे सण व मर्तिकें सांभाळणारीं गृहस्थांचीं मंडळें, यांचे जमाखर्च व बाप्तिस्म्याच्या नोंदी संग्राहकांनीं शोधाव्या. १८८७ त ईस्ट इंडियन असोसिएशन निघण्यापूर्वींच्या लोकसंघटनेचा पुरावा तेथेंच मिळावयाचा.