तिसऱ्या मिनिटाला सगळं ठीक

मर्सीमी या अमेरिकन बँडचं ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन’ हे गाणं अनेकांनी ऐकलेलं असेल. चर्चशी काही संबंध नसलेल्यांनीही यूट्यूबवर कधीतरी त्यावर क्लिक केलेलं असेल. २००१ साली ‘ऑलमोस्ट देअर’ या अल्बममध्ये ते आलं आणि ख्रिस्ती पॉप संगीतातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांपैकी एक झालं. गायक बार्ट मिलार्ड याने ते वडिलांच्या मृत्यूनंतर लिहिलं. वडील मारकुटे होते. पुढे त्यांना कॅन्सर झाला, ते धर्माकडे वळले, शेवटच्या काळात बाप-लेक जवळ आले. या हकिकतीवर २०१८ मध्ये याच नावाचा सिनेमा निघाला, त्यात डेनिस क्वेडने बापाचं काम केलं. साधारण ७० लाख डॉलरमध्ये केलेल्या या सिनेमाने ८ कोटींहून जास्त कमावले.

आता नुसतं गाणं ऐका. त्यात वडील नाहीत. मार नाही, हॉस्पिटल नाही, बापाचा राग राग करणारा आणि तरी त्याच्या उशाशी बसलेला मुलगा नाही. स्वर्गात देवासमोर उभं राहिल्यावर आपलं काय होईल, एवढीच कल्पना त्यात आहे. गाणं सुरेल आहे, प्रामाणिकही आहे. पण ज्या दुःखामुळे ते आपल्याला हलवतं, ते दुःख गाण्यात नाहीच. ते मुलाखतीत आहे, सिनेमात आहे, व्हिडिओखालच्या वर्णनात आहे. गाण्याच्या वाट्याला फक्त शेवट आला आहे.

अमेरिकेतल्या ख्रिस्ती संगीत उद्योगाबद्दल (‘कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक’, म्हणजे नॅशव्हिलच्या आसपास वाढलेला रेडिओ, रेकॉर्ड कंपन्या आणि पुरस्कारांचा सगळा पसारा) माझी मुख्य तक्रार ही आहे. ही गाणी खऱ्या आयुष्यातल्या अडचणींवर बोलत नाहीत, हा आरोप आता जुना झाला. आज ती भरपूर बोलतात. नैराश्य, व्यसन, घटस्फोट, गर्भपात, आत्महत्येचे विचार, सगळे विषय येतात. प्रश्न विषयाचा नाही, काळाचा आहे. बहुतेक गाण्यांत संकट भूतकाळात असतं. मी हरवलो होतो, मी तुटलो होतो, मी अंधारात होतो. ‘होतो’ हे क्रियापद कानाला इतकं सरावतं की ‘आहे’ म्हणणारं गाणं लागलं की दचकायला होतं.

याची रचनाही ठरलेली आहे. पहिलं कडवं अंधारात, एकटा पियानो किंवा अकूस्टिक गिटार, आवाज जवळजवळ कुजबुजता. मग कोरस, त्यात आश्वासन. दुसऱ्या कडव्यात ड्रम्स येतात. मग ब्रिज, म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी वरच्या पट्टीत आणि मोठ्या आवाजात. मग एक क्षण शांतता, आणि शेवटचा कोरस पूर्ण ताकदीनिशी. तिसरं मिनिट उलटता उलटता सगळं ठीक झालेलं असतं. माझ्या कामात तिकीट ‘रिझॉल्व्ह्ड’ करून टाकण्याची घाई असते, मग खाली बग जिवंत का असेना. तीच घाई इथेही ऐकू येते.

ही घाई केवळ गीतकारांची नाही. अमेरिकेतलं सगळ्यात मोठं ख्रिस्ती रेडिओ नेटवर्क म्हणजे के-लव्ह. त्याचं घोषवाक्य दोन शब्दांचं आहे : ‘पॉझिटिव्ह, एनकरेजिंग’. कारमधून ऑफिसला जाणाऱ्या, मागच्या सीटवर मुलं बसलेल्या माणसाला उभारी द्यायची, हे या रेडिओचं काम. त्यात गैर काही नाही. पण गाणं चालायचं असेल तर ते या रेडिओवर वाजलं पाहिजे, आणि वाजायचं असेल तर साडेतीन मिनिटांत उजेडात आलं पाहिजे. शेवटी अंधारातच थांबणारं गाणं खोटं म्हणून कुणी नाकारत नाही. ते फॉरमॅटमध्ये बसत नाही, म्हणून बाहेर राहतं.

याचा त्रास कुणाला होतो? ज्याचं संकट अजून चालू आहे त्याला. ज्याने परवा पुन्हा प्यायला सुरुवात केली, जिच्या गोळ्या अजून चालू आहेत, ज्याचा भाऊ अजून घरी परतलेला नाही. अशा माणसाच्या कानात दिवसभर सुटका झालेल्या लोकांचे आवाज पडत असतील, तर त्याच्या मनात एकच प्रश्न उरतो : यांचं झालं, मग माझंच का नाही? माझा विश्वास कमी पडतो का? गाणं असं कुठेही म्हणत नाही. पण गाण्यांची अख्खी प्लेलिस्ट मिळून तेच म्हणते. मूळ दुःखावर ही अपराधीपणाची आणखी एक जड गोणी ठेवली जाते, आणि ती ठेवणाऱ्याला आपण धीर देतोय असंच वाटत असतं.

याला एक चांगलं उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. रात्री अकरा वाजता हॉस्पिटलमधून घरी निघालेल्या माणसाला सत्यकथन नको असतं, आशा हवी असते. शिवाय चर्चमधलं गाणं एकट्याने ऐकायचं नसतं, दोनशे लोकांनी मिळून म्हणायचं असतं. त्यातल्या कुणाचं त्याच आठवड्यात लग्न झालेलं असतं, कुणाच्या घरी मूल झालेलं असतं. सगळ्यांना विलाप म्हणायला कसा लावणार?

पण ख्रिस्ती परंपरेतलं सगळ्यात जुनं गाण्याचं पुस्तक हेच करत आलं आहे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. किती दिवस विसरणार, कुठे लपलास, शत्रू हसतात ते दिसत नाही का, अशी थेट देवाला विचारणा त्यांत आहे. ही स्तोत्रं एकट्याच्या डायरीतली नव्हती, ती मंदिरात म्हटली जात. बहुतेक विलाप-स्तोत्रं शेवटी विश्वासाकडे वळतात, हे खरं. पण ८८वं स्तोत्र वळत नाही. ते काळोखावरच संपतं, मूळ हिब्रूत तर शेवटचा शब्दच काळोखाचा आहे. संकलन करणाऱ्यांना ते गाळता आलं असतं, किंवा शेवटी एक दिलाशाची ओळ जोडता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. ज्याच्या आयुष्यात अजून उजाडलेलं नाही, त्यालाही समूहात उभं राहून म्हणता येईल असं काहीतरी त्यांनी शिल्लक ठेवलं.

आधुनिक काळात ही जागा ज्याने पुन्हा उघडली, तो चर्चच्या दारातून आलेला नव्हता, ब्लूजमधून आला होता. थॉमस ए. डॉर्सी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवायचा. मा रेनीसोबत पियानोवर असायचा. १९२८ मध्ये टॅम्पा रेड या गिटारवादकाबरोबर त्याने काढलेलं एक गाणं खूप खपलं, आणि ते भजनाच्या जवळपासही जाणारं नव्हतं. पुढे तो धार्मिक संगीताकडे वळला, तेव्हा कित्येक चर्चना त्याची गाणी नको होती, कारण त्यांना ब्लूजचा वास यायचा. १९३२च्या ऑगस्टमध्ये तो एका धार्मिक मेळाव्यात गायला शिकागोहून सेंट लुईसला गेला असताना तार आली : बायको नेटी बाळंतपणात गेली. बाळही लगेच गेलं. देवाने आपल्यावर अन्याय केला आणि आता पुन्हा जुन्या संगीताकडे जावं, असं तेव्हा वाटल्याचं त्याने नंतर सांगितलं आहे. त्या दिवसांत एका जुन्या चालीवर त्याने जे रचलं ते ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’.

या गाण्यात काय नाही, हे आधी पाहा. बायको-मुलाचा उल्लेख नाही. म्हणजे प्रसंग इथेही गाण्याबाहेर आहे. मग ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन’पेक्षा हे वेगळं कसं? इथे गाणारा सुटलेला नाही. तो दमलेला आहे, रस्ता दिसत नाही, आणि तो हात मागतो आहे. हात मिळाला की नाही, ते गाणं सांगत नाही. शेवटच्या ओळीपर्यंत ती मागणीच राहते. ब्लूजमधून आलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : दुःख सोडवलं नाही तरी गाता येतं. प्रसंगाचं नाव नसल्यामुळे कुणीही आपलं संकट त्यात ठेवू शकतं, आणि काळ वर्तमान असल्यामुळे ते संकट संपण्याची वाट पाहावी लागत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांचं हे आवडतं गाणं. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमधल्या लॉरेन मोटेलच्या बाल्कनीतून त्यांनी बेन ब्रँच या वादकाला त्या रात्रीच्या सभेत ते वाजवायला सांगितलं, आणि काही क्षणांत गोळी लागली. त्यांच्या अंत्यविधीत महेलिया जॅक्सनने ते गायलं. ज्या समाजाची लढाई अर्ध्यात होती, त्याला जिंकल्याचं गाणं चाललं नसतं.

मराठी कानाला हे फार परकं वाटू नये. देवाशी भांडण हा आपल्याकडे भक्तीचाच प्रकार आहे. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेले तुकोबा विठ्ठलाला जाब विचारतात, चोखोबा दाराबाहेरून विचारतात, आणि त्यामुळे त्यांची भक्ती उणी आहे असं कुणी म्हणत नाही. मराठी ख्रिस्ती गीतांचा सगळ्यात मोठा कवी याच वाटेने आला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत. परदेशी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या शेजारी त्यांनी अभंग-भजनाच्या वळणाची गीतं ठेवली, आणि मराठी चर्चमध्ये ती आजही म्हटली जातात. त्या धर्मांतराची घरात काय किंमत मोजावी लागली, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे, आणि तिथेही कुणी सगळं गोड करून दाखवलेलं नाही. म्हणून प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेचा नाही. ती श्रद्धा कोणत्या साच्यात ओतली जाते, त्याचा आहे.

साच्याबाहेर गेलेल्यांची गाणी आपल्या पिढीला जास्त ओळखीची आहेत. ‘लेट यू डाऊन’मुळे इथल्या हॉस्टेलांतही पोचलेला रॅपर एनएफ ख्रिस्ती आहे, त्याचा पहिला अल्बम ख्रिस्ती कंपनीनेच काढला, पण ‘ख्रिश्चन रॅपर’ ही चिठ्ठी त्याला नको असते. त्याची आई गोळ्यांच्या ओव्हरडोसने गेली. २०१६च्या ‘थेरपी सेशन’ अल्बममधलं ‘हाऊ कुड यू लीव्ह अस’ हे गाणं तो थेट तिला उद्देशून म्हणतो. त्यात राग आहे, आणि तो राग क्षमेत विरघळत नाही. शेवटी शब्द संपतात आणि रडणं ऐकू येतं. सुफ्यान स्टीव्हन्सचा ‘कॅरी अँड लोवेल’ (२०१५) हाही गेलेल्या आईबद्दलचा अल्बम. ती तो लहान असतानाच घर सोडून गेली होती. ख्रिस्ती प्रतिमा त्यात ठायी ठायी आहेत, पण त्या उत्तर म्हणून येत नाहीत. अंधारात हाताला लागणाऱ्या ओळखीच्या भिंतींसारख्या येतात.

एनएफबद्दल मात्र एक शंका राहते. रडणं रेकॉर्ड करणं म्हणजे दुःख गाण्यात उतरवणं नव्हे. त्याच्या काही गाण्यांत जखम दाखवण्याचीच सवय लागल्यासारखी वाटते. घाईने बरं होणं हा जसा साचा, तसा कधीच बरं न होणं हाही साचा होऊ शकतो. म्हणून कसोटी अंधार किती, ही नाही. गाण्यातलं दुःख अजून चालू आहे का, आणि ते कुणाला सांगितलं जातंय, या दोन गोष्टी मी ऐकतो. श्रोत्यांना सांगितलेलं दुःख पटकन साक्ष होतं, आणि साक्षीला शेवट लागतोच. देवाला किंवा गेलेल्या आईला सांगितलेलं दुःख उत्तराची वाट पाहत उघडं राहू शकतं.

हे उद्योगाच्या आत राहूनही जमतं, याचा पुरावा स्टीव्हन कर्टिस चॅपमन. सगळ्यात जास्त डव्ह पुरस्कार मिळवलेला, म्हणजे या दुनियेच्या अगदी मधोमध बसलेला गायक. मे २००८ मध्ये घराच्या आवारातच गाडीखाली येऊन त्याची दत्तक घेतलेली पाच वर्षांची मुलगी मारिया गेली. पुढच्या वर्षी ‘ब्यूटी विल राइज’ आला. नावात आशा आहे, रेडिओला चालतील अशी गाणीही त्यात आहेत. पण एका गाण्याचं नावच ‘क्वेश्चन्स’ आहे. आणि ‘हेवन इज द फेस’मध्ये तो स्वर्गाची कल्पना करतो, तेव्हा त्याला देवाचं सिंहासन दिसत नाही, एका लहान मुलीचा चेहरा दिसतो. स्वर्ग याहून कितीतरी मोठा असणार, हे तो नाकारत नाही. पण मला आत्ता हेच हवंय, असं तो देवालाच सांगतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे थोडं अवघड विधान आहे. बापाच्या दृष्टीने दुसरं विधानच शक्य नाही.

ही दोन गाणी कधी लागोपाठ लावून ऐका, आधी ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन’, मग ‘हेवन इज द फेस’. दोन्ही स्वर्गाबद्दल आहेत, दोन्ही माणूस गमावलेल्यांनी लिहिली आहेत, दोघांचाही विश्वास पक्का आहे. पहिल्यात स्वर्ग भव्य आहे आणि गेलेला माणूस कुठे दिसत नाही. दुसऱ्यात स्वर्ग एका चेहऱ्याएवढा आहे, आणि बाप अजून दाराशी उभा आहे.