पाटीवरचा ‘बहुवार्षिक’

पेठ वडगाव परिसरातल्या एका शाळेच्या बागेत भुईचाफ्याचा वाफा होता. त्याच्यापुढे रंगवलेली पाटी होती : ‘भुईचाफा. शास्त्रीय नाव – केम्फेरिया रोटुंडा. प्रकार – बहुवार्षिक. उपयोग – शोभेसाठी व औषधी.’ जानेवारीत बागेची सफाई निघाली. वाफ्यात एकही पान दिसेना. झाड मेले असे ठरवून वाफा खणला गेला, आल्यासारखे दिसणारे गड्डे कचऱ्यात गेले आणि तेथे झेंडू लागला. पाटीवर एकही चूक नव्हती, तरी ती झाडाच्या कामी आली नाही. शाळेच्या बागांतील पाट्यांचे परीक्षण करावेसे वाटले ते यामुळे.

प्रथम गुणांविषयी. शास्त्रीय नाव लिहिण्याची प्रथा योग्यच आहे. नुसते ‘चाफा’ म्हटल्याने काहीच कळत नाही. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुलातला, पांढरा चाफा कण्हेरीच्या, हिरवा चाफा सीताफळाच्या, तर भुईचाफा हळदीच्या कुलातला. नाव एक म्हणून निगाही एकच समजली, तर घोटाळा ठरलेला. मात्र शास्त्रीय नावेही अधूनमधून तपासावी लागतात. सदाफुलीला लिनियसने १७५९ मध्ये ‘विन्का रोझिया’ म्हटले. १८३७ मध्ये जॉर्ज डॉनने तिला वेगळ्या प्रजातीत घातले आणि ती ‘कॅथरँथस रोझियस’ झाली. तरी अनेक पाट्यांवर अजून ‘विन्का’च आहे. सोनचाफाही ‘मिचेलिया’तून ‘मॅग्नोलिया’त गेला. असे का झाले, हे वर्गात सांगितले तर मुलांना कळेल की नाव बदलणे हा शास्त्राचा लहरीपणा नाही. नात्यांची अधिक नीट तपासणी झाल्याचा तो परिणाम आहे.

खरा दोष आहे तो ‘बहुवार्षिक’ या एका शब्दावर थांबण्यात. वार्षिक, द्विवार्षिक, बहुवार्षिक ही तीन खाती मुले पाठ करतात. पण झाड किती वर्षे जगते एवढेच त्यातून कळते. कसे जगते, हे कळत नाही. आंबा आणि भुईचाफा दोन्ही बहुवार्षिक; पण आंब्याची पाने झडून तो दिसेनासा होत नाही, भुईचाफा दरवर्षी होतो.

वास्तविक वडगावच्या मुलांना हे शिकवायला वेगळे उदाहरण शोधावे लागू नये. ऊस तुटला की बुडख्याच्या जमिनीखालच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात, तो खोडवा. तोही तुटल्यावर पुन्हा येतो तो निडवा. पावसाळ्याच्या आरंभी लावलेला आडसाली ऊस सुमारे दीड वर्षाने तुटतो. मग तो वार्षिक की द्विवार्षिक? शेतकऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण जीव कुठे राहिला आहे हे त्याला ठाऊक असते.

शास्त्रानेही हाच प्रश्न विचारला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टेन राउनकिएर यांनी वनस्पतींची विभागणी केली ती प्रतिकूल काळात त्यांचा डोळा कुठे टिकतो यावरून : उंच फांदीवर, जमिनीलगत, की जमिनीखाली. त्यांच्या देशात प्रतिकूल काळ म्हणजे हिवाळा. आपल्याकडे बर्फ नाही. आपला प्रतिकूल काळ पाऊस सरल्यावरचा कोरडा काळ. थंड देशांतील पुस्तकांवरून उतरलेली बागकामाची वेळापत्रके म्हणूनच येथे फसतात.

आता निगेकडे पाहू. भुईचाफ्याची पाने पावसाळ्यात वाढतात आणि थंडीच्या सुमारास पिवळी पडतात. तेव्हा पाणी तोडावे. भिजत राहिल्यास गड्डे कुजतात. एप्रिल-मे मध्ये पानांआधी थेट मातीतून फुले येतात. गड्डे वेगळे करून लावायचे ते पावसाच्या तोंडावर. शेवंतीचे वेळापत्रक वेगळे. रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिला कळ्या धरतात. वाफ्याजवळ रात्रभर दिवा जळत असेल, तर फुले लांबतात. बहर संपल्यावर फांद्या छाटल्या तरी बुडाच्या काश्या जपाव्यात, उन्हाळ्याच्या शेवटी त्याच लावायच्या असतात. गुलबक्षीचा वरचा भाग वाळला तरी खालचे मांसल मूळ जिवंत असते. सदाफुलीला मात्र अशी विश्रांती लागत नाही. काळ्या जमिनीत पाणी साचले की ती मरते, म्हणून तिला उंच वाफा हवा. चौघींनाही ‘बहुवार्षिक’ म्हणणे बरोबर आहे, पण माळ्याच्या हातात त्यातून काहीच पडत नाही.

तेव्हा सूचना अशी, की पाटीवरचा ‘उपयोग’ थोडा आखडता घ्यावा आणि दोन ओळी वाढवाव्यात : ‘जीव कुठे टिकतो?’ आणि ‘विश्रांती कधी?’ उत्तरे पुस्तकातून उतरवू नयेत. नववीच्या मुलांनी जून ते मे दर महिन्याला वाफा पाहून पहिले पान, पहिले फूल आणि शेवटचे पान यांच्या तारखा वहीत लिहाव्यात, आणि वर्षाअखेरीस पाटी त्यांनीच रंगवावी. गगनबावड्याच्या शाळेत पाऊस पुष्कळ, वडगावात त्या मानाने कमी. तेव्हा दोन्हीकडच्या तारखा जुळतीलच असे नाही, आणि त्या का जुळत नाहीत हा पुढचा धडा होईल.

त्या वाफ्यावर ‘डिसेंबर ते मार्च जमिनीखाली आहे, खणू नये’ एवढे लिहिलेले असते, तर एप्रिलमध्ये मुलांना भुईचाफ्याची फुले दिसली असती.